भार वाढविण्याची घाई

पॉवरलिफ्टिंगच्या सरावात दर आठवड्यास 2.5 किलोंची वाढ क्षुल्लक भासते. परंतु त्याच हिशेबाने 60 किलोंची बेंचप्रेस वर्षअखेर 190 किलोंवर जावयास हवी! नवोदिताची प्रारंभीची झेप बहुतांशी मज्जासंस्थेने हालचाल आत्मसात केल्याची असते; स्नायू मागाहून वाढतात, आणि त्यांना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा त्याहूनही सावकाश बळकट होतात. अर्थशास्त्रातील घटत्या फलाचा नियम येथेही चुकत नाही. ठरलेली आवर्तने शरीराची ठेवण न बिघडता पूर्ण झाली, तरच पुढील भार चढवावा. एरवी तोच राखावा. व्यायामशाळांतून मात्र शेजाऱ्याच्या चकत्या मोजून तो चढविला जातो, आणि दुखावते ती विशीतल्या विद्यार्थ्याची पाठ. सव्वा किलोहून लहान चकत्या अनेक ठिकाणी मिळतच नाहीत. अर्ध्या किलोची एक जोडी ठेवण्यास चालकांना असा कितीसा खर्च येणार आहे?