आधी पाण्याकडे धावा

मे महिन्याची सुट्टी लागली की मुंबई-पुण्याच्या किती गाड्या खोपोलीकडे, इमॅजिका या मनोरंजन पार्कच्या वाटेला लागतात! त्यांतल्या एखाद्या गाडीत ऑटिझम असलेलं, म्हणजे स्वमग्न मूलही असतं. झोक्यांची, पाण्याची हौस त्यालाही आहे. त्याला येऊ द्या. फक्त ते सुखरूप घरी जाईल, एवढं आपण सगळे मिळून बघू या.

कर्णे, किंकाळ्या, झगमगते दिवे, न सरणारी रांग. आपल्याला याचीच मजा वाटते. त्याला मात्र तोच आवाज सोसवत नाही. मग ते कान दाबून खाली बसतं, ओरडतं, कधी डोकंही आपटतं. हा हट्ट नाही. आईबापांनी लाडावलेलंही नाही.

अशा वेळी घोळका करू नका. मोबाइल काढू नका. ‘एक ठेवून द्या’ हा सल्ला तर नकोच. चार पावलं मागे सरा, वारा येऊ द्या. आईला हळूच विचारा, “ताई, काही मदत करू?” रांगेत पुढे सोडता आलं तर सोडा.

याहून मोठं संकट गुपचूप येतं. गोंगाट असह्य झाला की मूल हात सोडवून निघून जातं. अमेरिकेतल्या 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, वयाच्या चौथ्या वर्षानंतर जवळपास निम्म्या स्वमग्न मुलांनी एकदा तरी असा प्रयत्न केल्याचं पालकांनी सांगितलं होतं. त्यांतल्या बऱ्याच मुलांना पाण्याची विलक्षण ओढ असते. लाउडस्पीकरवरून नावाचा पुकारा झाला तरी मूल वळून बघेलच असं नाही. काहींना बोलता येत नाही. काही घाबरली की मुकी होतात.

म्हणून मूल दिसेनासं झालं की आधी पाण्याकडे धावा! लाटांचा तलाव बघा, कारंजं बघा. त्याच वेळी कुणीतरी फाटक आणि पार्किंग गाठा. एकटं मूल दिसलं तर प्रश्नांचा भडिमार करू नका, उगाच ओढू नका. पाण्याकडे किंवा रस्त्याकडे निघालं असेल तर मात्र अडवाच. त्याच्याजवळ थांबा. मनगटावर, कपड्यांवर फोन नंबर आहे का बघा. सुरक्षारक्षकाला बोलवा, 112 लावा.

आईबाबांनो, सकाळी निघतानाच त्या दिवसाच्या कपड्यांत मुलाचा फोटो काढा. भडक रंगाचा शर्ट घाला. नंबर लिहिलेला पट्टा बांधा. कान झाकणारे हेडफोन घ्या. पाळण्यांचे व्हिडिओ आदल्या दिवशी दाखवा. आणि मुलावर लक्ष कुणी ठेवायचं, ते नाव घेऊन ठरवा. ‘सगळे बघतील’ म्हटलं की कुणीच बघत नाही.

पार्क चालवणाऱ्यांनो, एक शांत खोली द्या. रांगेतून सवलत द्या. दारावरच्या पोरांना हे सगळं शिकवा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, आणि करमणुकीत सहभागी होण्याचा हक्कही आहे.

एका वाईट अनुभवानंतर कितीतरी घरं सहलीला जायचंच सोडून देतात. भावंडांची सुट्टीही चार भिंतींत जाते. तसं होऊ देऊ नका. सहलीला निघण्याआधी हे घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा, आजी-आजोबांनाही. आणि तिथे एखादं मूल एकटं दिसलं, तर त्याचं माणूस येईपर्यंत जागचे हलू नका.