उपदेश पुरे, पुरावा आणा!

तंबाखूने गंभीर आजार होतात हे ठाऊक नसलेला माणूस या देशात शोधून दाखवावा! २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात भारतातील ९५ टक्क्यांहून अधिक प्रौढांनी सांगितले की, खाण्याच्या तंबाखूने गंभीर आजार होतात हे आम्ही जाणतो. ती खाणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्मे लोक सोडण्याचा बेत, निदान विचार तरी करीत होते. ज्ञान आहे, इच्छाही आहे. तरीही त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखूच्या कोणत्या ना कोणत्या रूपात अडकलेले आढळले. कोणी मिश्री लावतो, कोणी तळहातावर चुना घालून मळतो, विदर्भात खर्रा चघळतात. २०१२ पासून राज्यात गुटखाबंदी आहे आणि टपरीवर पुडी मिळतेच आहे.

मग या अडकलेपणावर आमच्या आरोग्य खात्याचा उपाय कोणता? पुन्हा जनजागृती! पुन्हा सप्ताह, पुन्हा पंधरवडा, शाळकरी पोरांची प्रभातफेरी, चौकातले पथनाट्य, उपकेंद्राच्या भिंतीवर रंगवलेला विंचू. ज्याला सारे ठाऊक आहे त्यालाच तेच पुन्हा सांगायचे, आणि त्याने ऐकले नाही की ‘लोक अडाणी आहेत’ म्हणून अहवालाची फाईल बंद करायची! किती फलक लावले, किती फेऱ्या काढल्या, किती लोक हजर होते, याचे रकाने भरले जातात. फेरी गेल्यावर किती जणांनी तंबाखू सोडली, सहा महिन्यांनी त्यातले किती टिकले आणि जे टिकले ते कशामुळे टिकले, याचा रकाना कुठे आहे? तो रकाना नाही, म्हणून जनतेचा पैसा वर्षानुवर्षे अंधारात फेकला जातो आहे, असा आमचा स्पष्ट आरोप आहे.

उपदेश थकला की सरकारला सक्ती आठवते. ती परीक्षाही या राज्याने दिलेली आहे. १९७६ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून त्याचा कायदा झाला नाही. पण आणीबाणीतल्या नसबंदी मोहिमेने गावोगाव जी दहशत पसरवली, तिने कुटुंबनियोजन या शब्दालाच कित्येक वर्षे डाग लागला. उपदेशाने भागत नाही आणि जुलमाने घात होतो. तिसरा मार्ग शास्त्राचा आहे. माणूस आपली सवय कशी बदलतो, का बदलतो आणि बदलून पुन्हा मागे का फिरतो, हे प्रयोगाने शोधणे हा तो मार्ग. आम्ही त्याचा आग्रह धरतो तो त्याने काय साधते हे याच देशात दिसले आहे म्हणून.

राजस्थानातील उदयपूर जिल्ह्याचे उदाहरण घ्या. तेथे सेवा मंदिर या संस्थेबरोबर अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १३४ गावांत लसीकरणाचा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. जेथे काहीच नवे केले नाही त्या गावांत जेमतेम ६ टक्के बालकांचे लसीकरण पूर्ण झाले. जेथे ठरल्या दिवशी, ठरल्या जागी शिबिर न चुकता भरले तेथे हा आकडा १८ वर गेला. आणि जेथे शिबिरासोबत प्रत्येक खेपेला आईच्या पदरात किलोभर डाळ आणि सगळ्या लसी पुऱ्या झाल्यावर जेवणाची ताटे दिली, तेथे तो ३९ झाला! डाळीचा खर्च धरूनही लसीकरण पूर्ण झालेल्या प्रत्येक बाळामागे येणारा खर्च कमीच भरला, कारण परिचारिका तीच, दिवस तोच आणि येणारी मुले मात्र कितीतरी जास्त. या आकड्यांकडे डोळे उघडून पाहा. शिबिर वेळेवर भरले एवढ्यानेच लसीकरण तिप्पट झाले. म्हणजे ज्या आयांना आपण अडाणी ठरवले होते त्या लसीच्या वैरी नव्हत्या. मजुरी बुडवून आलेल्या बाईला कुलूप दिसत होते. तिच्या माथी अज्ञानाचा शिक्का मारणाऱ्यांनी आधी आपल्या दाराचे कुलूप काढावे!

आता आंध्र प्रदेशातील चित्तूर जिल्हा. तेथील चौदा गावांत साबणाने हात धुण्याची मोहीम तपासली गेली आणि २०१४ साली तिचे निष्कर्ष जाहीर झाले. ‘हात न धुतल्यास जुलाब होतात’ हा जुना धडा त्या मोहिमेने बाजूला ठेवला. तिने किळस जागी केली, लेकराला चांगले वळण लावणाऱ्या आईचा अभिमान जागा केला आणि सारे गाव हात धुते अशी जनरीत डोळ्यांसमोर उभी केली. संशोधकांनी ‘तुम्ही हात धुता का?’ असे विचारून समाधान मानले नाही. अशा प्रश्नाला कोण ‘नाही’ म्हणेल? निरीक्षक घरात बसले आणि शौचानंतर, जेवणाआधी कोण साबण उचलतो हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. सहा महिन्यांनी मोहिमेच्या गावांत ३७ टक्के प्रसंगी साबण वापरला गेला, इतर गावांत केवळ ६ टक्के. चेन्नईतील डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३७ नोकरदार पुरुषांवर प्रयोग केला. एका गटाला मोबाइलवर नियमित संदेश पाठवले, दुसऱ्याला फक्त सुरुवातीचा सल्ला दिला. दोन वर्षांत संदेश मिळालेल्यांपैकी १८ टक्क्यांना मधुमेह झाला, न मिळालेल्यांपैकी २७ टक्क्यांना.

मग घोडे अडले कुठे? या साऱ्या ज्ञानाला एकत्र बांधणारा दोर नाही. उदयपूरची डाळ नंदुरबारच्या पाड्यावर चालेल का? चेन्नईचा संदेश लातूरच्या शिक्षकाला जागा करील का? एकाने विचारून मोजले, दुसऱ्याने पाहून मोजले. एकाने सहा महिने पाहिले, दुसऱ्याने दोन वर्षे. एकाचे माप दुसऱ्याला लागत नाही आणि प्रत्येक अभ्यास आपापल्या नियतकालिकात पडून राहतो. आमच्या अहवालांत ‘समुपदेशन केले’ हे दोन शब्द किती सहज लिहिले जातात! त्या खोलीत नेमके काय घडले? भीती घातली, ध्येय ठरवून दिले, घरच्यांना सोबत घेतले, की फक्त पत्रक हातात ठेवले?

हा गोंधळ जगाला नवा नाही. काहींनी तो निस्तरायला घेतला. लंडनच्या सुझन मिची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली वर्तनबदलाच्या ९३ तंत्रांची सामाईक सूची मांडली, जेणेकरून कोणी काय केले हे सर्वांना एकाच भाषेत कळावे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २००९ पासून वर्तनबदलाच्या शास्त्राचा स्वतंत्र कार्यक्रम चालवला आणि पुढे त्यासाठी कोलंबिया विद्यापीठात समन्वय केंद्र उभारले. त्यांचा आग्रह असा: उपायाने काम केले, एवढ्यावर थांबू नका. मनातली कोणती कळ दाबली गेली, आत्मसंयमाची, ताणाची की आप्तांच्या नात्याची, हे आधी ठरवा. ती खरोखर हलली का हे मोजा. आणि ती हलल्यामुळेच सवय बदलली का ते तपासा. कारण कळले तरच उपाय एका गावातून दुसऱ्या गावात नेता येतो.

ज्यांना आपल्या अनुभवाचा फार भरवसा आहे त्यांनी २०२१ साली ‘नेचर’मध्ये आलेला कॅथरीन मिल्कमन यांच्या गटाचा अभ्यास वाचावा. अमेरिकेतील एका व्यायामशाळा साखळीच्या साठ हजारांहून अधिक सभासदांवर तीस शास्त्रज्ञांनी पन्नासहून अधिक उपाय एकाच वेळी, एकाच मापाने तपासले. निम्म्याहून कमी उपायांनी हजेरी वाढवली. चार आठवड्यांचा कार्यक्रम संपल्यावर ज्यांचा परिणाम टिकला ते दहांत एकही भरले नाहीत. सर्वांत सरस ठरले ते एक क्षुल्लक बक्षीस: एक दिवस चुकवून पुन्हा येणाऱ्याला थोडेसे जास्त देणारे. आणि कोणता उपाय जिंकेल याचे तज्ज्ञांनी बांधलेले अंदाज साफ चुकले! जगातले जाणकार जेथे चुकतात तेथे मंत्रालयातल्या टिपणीवर कोट्यवधींची मोहीम कोणत्या अधिकाराने निघते?

महाराष्ट्राला हे काम झेपणार नाही, असे कोणी म्हणू नये. नाशिकला आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, देवनारला लोकसंख्या विज्ञान संस्था आणि टाटा सामाजिक विज्ञान संस्था आहेत, परळला टाटा स्मारक रुग्णालय आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने नवजात बालकांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग केला, १९९९ साली ‘लॅन्सेट’ने तो छापला आणि पुढे तो देशाच्या कार्यक्रमात शिरला. माणसे आहेत, बुद्धी आहे. एकत्र बसवणारे आसन नाही. ते सरकारने द्यावे. वर्तनबदल संशोधनाचे एक स्वायत्त समन्वय केंद्र स्थापन करावे. कोणतीही मोठी आरोग्य मोहीम निघण्याआधी तिचा आराखडा आणि यशाचे माप तेथे जाहीरपणे नोंदवावे. मोहीम साऱ्या जिल्ह्यात एकदम न सोडता चिठ्ठ्या टाकून काही गावांत आधी, काही गावांत नंतर न्यावी, म्हणजे तुलना होईल. घरोघर फिरणाऱ्या आशाताईंना पदरमोड करायला न लावता या मोजणीचे वेगळे मानधन द्यावे. त्यांचे शहाणपण प्रयोग आखतानाच विचारावे. आणि फसलेल्या मोहिमांचे निष्कर्ष यशस्वी मोहिमांइतक्याच ठळकपणे छापावेत.

‘गरिबांवर प्रयोग करता?’ असा कांगावा होईल. आमचे उत्तर रोखठोक आहे: गरिबांवर प्रयोग आजही चालूच आहेत, फक्त त्यांची संमती कोणी घेत नाही आणि निकाल कोणी लिहीत नाही. संमती घेऊन, नीतिसमितीपुढे ठेवून, उघड्यावर केलेला प्रयोग हा जनतेचा मान आहे. ‘पैसा कुठून आणायचा?’ प्रत्येक मोहिमेच्या प्रसिद्धीचा ठरावीक हिस्सा मोजमापासाठी राखून ठेवा. फलक थोडे कमी लागतील.

येत्या अधिवेशनात आरोग्य खात्याच्या मागण्या सभागृहापुढे येतील तेव्हा प्रत्येक आमदाराने उभे राहून एकच विचारावे: गेल्या वर्षीच्या मोहिमांनी किती माणसांचे वागणे बदलले, आणि ते कोणी, कसे मोजले? उत्तर मिळेपर्यंत प्रसिद्धीच्या एका रुपयालाही मंजुरी देऊ नये.