‘जरा गाडी थांबव’ : परदेशातील लांबच्या मोटारप्रवासाची पूर्वतयारी

मार्च-एप्रिल उजाडला की आमच्या दवाखान्यात एका ठरावीक प्रकारच्या रुग्णांची वर्दळ सुरू होते. आजार नवा नसतो. “डॉक्टर, मुलाकडे अमेरिकेला निघालोय, औषधं लिहून द्या,” एवढीच मागणी असते. रक्तदाब मोजायचा, साखरेचा अहवाल पाहायचा, चिठ्ठी लिहायची आणि “निर्धास्त जाऊन या” म्हणायचे, हा माझा वर्षानुवर्षांचा शिरस्ता होता. दोन वर्षांपूर्वी एका बाईंमुळे मला तो मोडावा लागला.

त्या निवृत्त शिक्षिका, वय ७२. रक्तदाबासाठी रोज सकाळी एक गोळी, आणि त्या गोळीत लघवी वाढवणारा घटक. मुलगा लॉस एंजेलिसला. जुलै महिन्यात त्याने आईवडिलांना ग्रँड कॅनियन दाखवण्याचा बेत आखला आणि सारे अंतर एका दिवसात कापले. त्या रात्री मोटेलमध्ये बाई लघवीसाठी उठल्या, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि न्हाणीघरातील टबच्या काठावर त्या पडल्या. उजव्या मनगटाचे हाड मोडले. दरी दहा-बारा मैलांवर होती, ती पाहायची राहून गेली.

परत आल्यावर त्यांनी मला सगळे सांगितले. दिवसभरात त्या जेमतेम पेलाभर पाणी प्यायल्या होत्या. “मुलाला सारखं ‘गाडी थांबव’ कसं म्हणायचं हो? सूनबाई आणि नातवंडंही सोबत. म्हणून पाणीच पीत नव्हते. गोळी मात्र वेळेवर घेतली हं!” हे शेवटचे वाक्य त्यांनी आज्ञाधारक विद्यार्थिनीसारखे म्हटले. गोळी चुकवू नका, असे मीच त्यांना दहा वेळा बजावले होते. तेथे गाडीत किती तास बसणार, हे मात्र मी एकदाही विचारले नव्हते.

म्हणून आजचा हा लेख. गाडीचे टायर, तेल आणि नकाशा मुले चोख पाहतात. गाडीतील सर्वांत वयस्क प्रवाशाच्या शरीराची तयारी कोणी करत नाही, आणि तो प्रवासी संकोचाने काही बोलत नाही.

रस्ता आधी समजून घ्यावा

याच मार्गाचे उदाहरण घेऊ. लॉस एंजेलिस ते ग्रँड कॅनियनचा दक्षिण काठ हे अंतर सुमारे ४९० मैल, म्हणजे ७८५ किलोमीटरच्या आसपास आहे. आपला मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, त्याहून हे अधिक. कोठेही न थांबता आठ तास लागतात. वाटेत मोहावीचे वाळवंट लागते. बार्स्टो ते नीडल्स या सुमारे १४५ मैलांच्या टप्प्यात वस्ती विरळ आहे आणि मोबाइलला सर्वत्र रेंज मिळेलच असे नाही. नीडल्सला जुलैत दुपारचे तापमान ११० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या घरात जाते.

पुढे चढ सुरू होतो. नीडल्स समुद्रसपाटीपासून अवघे दीडशे मीटर उंचीवर, तर दरीचा दक्षिण काठ सुमारे २१०० मीटरवर आहे. आपले कळसूबाई शिखर १६४६ मीटरचे. म्हणजे सकाळी जवळपास समुद्रकाठी असलेले शरीर संध्याकाळी कळसूबाईच्याही वर पोहोचते. निरोगी माणसाला या उंचीवर सहसा त्रास होत नाही. हृदयविकार, दमा किंवा फुप्फुसांचा जुना आजार असलेल्यांना मात्र चार पावलांत धाप लागू शकते. हवा कोरडी असल्याने घाम जागीच वाळतो आणि शरीरातील पाणी कमी होत आहे, हे कळतही नाही.

यावर उपाय सोपा आहे. वाटेत किंगमन या गावी मुक्काम करावा. ते सुमारे हजार मीटर उंचीवर असल्याने चढही दोन टप्प्यांत विभागला जातो. पहिला दिवस पाच तासांचा, दुसरा तीन तासांचा. वाळवंटाचा टप्पा भल्या पहाटे निघून उन्हे चढण्यापूर्वी ओलांडावा. शक्य असल्यास मे किंवा ऑक्टोबर महिना निवडावा. भारतातून पोहोचल्यावर पहिला आठवडाभर तरी असा प्रवास ठेवू नये. उन्हाळ्यात कॅलिफोर्नियाचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे असते, त्यामुळे झोप, भूक आणि गोळ्यांच्या वेळा आधी रुळावर येऊ द्याव्यात.

पाणी आणि लघवी

थांब्यांचे वेळापत्रक चालकाच्या दमावर ठरवू नये, ज्येष्ठांच्या गरजेवर ठरवावे. दर दोन तासांनी गाडी थांबलीच पाहिजे, कोणी मागणी करो वा न करो. मागावे लागले की संकोच आडवा येतो. वेळ ठरलेली असली की प्रश्नच उरत नाही. तेथील महामार्गांवर ठिकठिकाणी ‘रेस्ट एरिया’ असतात. त्यांतील स्वच्छतागृहे विनामूल्य असून ती कोठे आहेत हे निघण्यापूर्वीच पाहता येते. तेथे पाण्याऐवजी कागद वापरतात. अनेकांना, विशेषतः स्त्रियांना, ही गोष्ट अवघड वाटते आणि पाणी न पिण्याचे तेही एक न सांगितलेले कारण असते. एक लहान रिकामी बाटली पर्समध्ये ठेवावी, एवढ्याने काम भागते.

पाणी थोडे थोडे, परंतु सतत प्यावे. लघवी गडद पिवळी दिसू लागली, तोंड कोरडे पडले किंवा उठताना चक्कर आली, तर पाणी कमी पडले असे समजावे. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांना पाण्याचे प्रमाण ठरवून दिले आहे, त्यांनी मात्र या प्रवासापुरते किती प्यावे, हे आपल्या डॉक्टरांना विचारून जावे. लघवी वाढवणारी गोळी प्रवासाच्या दिवशी मुक्कामी पोहोचल्यावर घेतली तर चालेल का, हेही विचारावे. स्वतःहून ती बंद करू नये आणि माझ्या रुग्ण बाईंप्रमाणे गोळी घेऊन पाणी बंद करणे तर सर्वांत वाईट.

गाडी लागते म्हणून आपल्याकडे सर्रास घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांबाबतही सावध करतो. त्यांतील बहुतेक गुंगी आणणाऱ्या असतात. प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांत त्यांनी लघवी अडकू शकते, आणि वृद्धांना भ्रम होऊ शकतो. पुढच्या आसनावर बसून नजर दूर क्षितिजावर ठेवणे आणि हलके खाणे, हा उपाय आधी करून पाहावा.

पाय, पट्टा आणि दार

चार तासांहून अधिक काळ एकाच जागी बसून राहिल्यास पोटरीतील शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. पूर्वी गुठळी झालेली असेल, कर्करोग असेल, नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल किंवा वजन फार असेल, तर तो आणखी वाढतो. दर थांब्यावर पाच मिनिटे चालावे. गाडीत बसल्या बसल्या दर अर्ध्या तासाने टाचा टेकवून चवडे उचलावेत, मग चवडे टेकवून टाचा उचलाव्यात, असे वीस वेळा करावे. दाबाचे मोजे किंवा अ‍ॅस्पिरिन शेजाऱ्यांच्या सल्ल्याने सुरू करू नये. प्रवासानंतर काही दिवसांनीही एकच पाय सुजला, दुखू लागला किंवा एकाएकी धाप लागली, तर ‘प्रवासाचा शीण’ म्हणून अंगावर काढू नये.

पट्टा सर्वांनी, मागे बसणाऱ्यांनीही लावावा. खालचा पट्टा पोटावरून न घेता कमरेच्या हाडांवरून घ्यावा. तेथे वाहने उजव्या बाजूने चालतात, म्हणून ज्येष्ठांना उजव्या दाराजवळ बसवावे, म्हणजे उतरताना पाय रहदारीत पडत नाही. रस्ता ओलांडताना आपल्याला आयुष्यभर आधी उजवीकडे पाहण्याची सवय असते. तेथे वाहन आधी डावीकडून येते. सत्तर वर्षांची सवय चार दिवसांत मोडत नाही, तेव्हा रस्ता कोणाचा तरी हात धरूनच ओलांडावा.

औषधांची पिशवी

औषधे मूळ पाकिटांतच न्यावीत, सुटी करून डब्यांत भरू नयेत. सोबत डॉक्टरांची इंग्रजीत टंकलिखित चिठ्ठी असावी, आणि तीत औषधाचे व्यापारी नाव न लिहिता मूळ रासायनिक नाव लिहिलेले असावे. आपली व्यापारी नावे तेथील औषधविक्रेत्याला कळत नाहीत. मूळ नावेही काही ठिकाणी निराळी आहेत. आपले पॅरासिटामॉल तेथे असिटॅमिनोफेन म्हणून मिळते, दम्याचे साल्ब्युटामॉल तेथे अल्ब्युटेरॉल होते आणि मधुमेहाचे ग्लिबेनक्लामाइड तेथे ग्लायब्युराइड. हे ठाऊक नसल्यास तापासाठी आपली गोळी आणि सर्दीसाठी तेथील औषध घेताना पॅरासिटामॉलची दुप्पट मात्रा पोटात जाऊ शकते. शिवाय प्रतिजैविके तेथे चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत.

मोटारप्रवासात औषधांचे दोन संच करावेत. एक हातातल्या पिशवीत, दुसरा सामानात. उन्हात बंद गाडीचे तापमान पहिल्या दहा मिनिटांतच सुमारे २० अंश फॅरनहाइटने चढते. म्हणून इन्सुलिन, इनहेलर आणि जिभेखालच्या गोळ्या गाडीच्या खणात कधीही सोडू नयेत. जेवायला उतरताना ती पिशवी आपल्यासोबत उतरली पाहिजे. इन्सुलिन थंड पिशवीत ठेवावे, मात्र बर्फाला थेट चिकटवू नये, कारण गोठलेले इन्सुलिन निकामी होते.

मधुमेहींनी आणखी एक लक्षात ठेवावे. साखर कमी करणारी गोळी किंवा इन्सुलिन घेतले आणि पुढचे उपाहारगृह साठ मैलांवर निघाले, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. निघताना मुलाच्या घरी केलेल्या दशम्या, शेंगदाणे आणि ग्लुकोजची पुडी हाताशी असावी. घाम, थरथर, असंबद्ध बोलणे दिसताच आधी साखर द्यावी आणि मग यंत्राने तपासावे. फळे नेल्यास परतीच्या वाटेवर कॅलिफोर्नियाच्या हद्दीवरील तपासणी नाक्यावर त्यांची चौकशी होते, म्हणून ती आधीच संपवावीत.

मुक्कामाची खोली

खोली तळमजल्यावर मागावी. न्हाणीघरात उंच काठाचा टब नसून सपाट जमिनीचा शॉवर आहे ना, आणि धरायला दांडी आहे ना, हे आरक्षण करतानाच विचारावे. टब ओलांडणे ही गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी कसरतच असते. घरून एक लहान रात्रदिवा आणि रबरी तळाच्या सपाता न्याव्यात. रात्री उठताना आधी मिनिटभर पलंगावर बसावे, मग उभे राहावे.

काही घडलेच तर

आणीबाणीचा क्रमांक ९११. ‘आपण कोठे आहात’ हा पहिला प्रश्न असतो आणि वाळवंटात त्याचे उत्तर कठीण असते. महामार्गाच्या कडेला मैलांचे आकडे असलेले छोटे फलक असतात. महामार्गाचा क्रमांक, दिशा आणि शेवटच्या फलकावरील आकडा एवढे सांगितले तरी मदत पोहोचते. छातीत दुखणे, तोंड वाकडे होणे, हातापायातील शक्ती जाणे यासाठी थेट हाच क्रमांक फिरवावा.

विमा भारतातून निघण्यापूर्वी घ्यावा आणि त्यात जुने आजार लपवू नयेत. जुन्या आजाराच्या एकाएकी उद्भवलेल्या त्रासाला विमा मिळतो का, आणि वयानुसार त्याची मर्यादा किती, ही दोन कलमे मुलांनी वाचून दाखवावीत. तेथील रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागाला रुग्णाची ऐपत न पाहता तपासणी करावी लागते, असा १९८६ पासून कायदा आहे. बिल मात्र नंतर येतेच. रुग्णालयात मराठी दुभाषी मागता येतो, बहुधा तो दूरध्वनीवर मिळतो. आजार, औषधे, अ‍ॅलर्जी, रक्तगट आणि मुलाचा क्रमांक लिहिलेला एक कागद प्रत्येकाच्या खिशात असावा.

निघण्यापूर्वीची बैठक

आता माझ्याकडे परदेशी निघालेले आजीआजोबा आले की मी चिठ्ठीआधी विचारतो, “तिकडे गाडीनं कुठं कुठं जाणार?” बेत ठरला असेल, तर मुलाला तेथूनच फोन लावायला सांगतो. मुलांना आईवडिलांची काळजी असते, परंतु आई दिवसातून किती वेळा लघवीला जाते, हे त्यांना ठाऊक नसते आणि आई ते सांगत नाही. ते मी सांगतो. डॉक्टरने सांगितले की त्याचा संकोच कोणालाच वाटत नाही.

त्या शिक्षिका या ऑक्टोबरात पुन्हा निघाल्या आहेत. मनगट बरे आहे, पोळ्या लाटता येतात. गेल्या आठवड्यात मुलाने आखलेला कागद घेऊन त्या आल्या होत्या. किंगमनचा मुक्काम, तळमजल्याची खोली, दर दोन तासांचा थांबा, सगळे त्यात होते. कागदाच्या तळाशी त्यांनी स्वतःच्या अक्षरात एक ओळ वाढवली होती : “याखेरीज मी म्हणेन तेव्हाही गाडी थांबेल.” मी त्या ओळीखाली सही केली. या वेळी त्यांना दरी दिसावी.