मांजराला काही लागत नाही, म्हणे!

परवा ऑफिसच्या कँटीनमध्ये आमच्या टीममधला एक नवा मुलगा म्हणाला, "कुत्रा पाळायचा होता रे, पण वेळ कुठाय? म्हणून मांजर आणतोय. तुझ्याकडे बोका आहे ना? मांजराला तसं काही लागत नाही ना?"

झालं! पुढचा अर्धा तास त्याचा चहा गार होत होता आणि मी बोलत होतो. शेवटी "मीटिंग आहे" म्हणून बिचारा पळाला. (मीटिंग नव्हती. कॅलेंडर मलाही दिसतं.) तर त्याला जे ऐकावं लागलं ते आज तुमच्या माथी. शनिवार आहे, बाहेर पाऊस आहे, आणि ज्यांच्याबद्दल लिहायचं ते साहेब आत्ता कीबोर्डवर एक पंजा टाकून झोपलेत. मध्येच कुठे 'ळळळळळ' दिसलं तर समजून घ्या.

आधी थोडा इतिहास. २०२०चा ऑक्टोबर, लॉकडाउन जरा सैलावला होता. सोसायटीच्या पार्किंगमध्ये एका स्कूटरखाली दोनेक महिन्यांचं पिल्लू सापडलं. दोन दिवस त्याची आई येते का वाट पाहिली, नाही आली. घरात आणलं तर ते तडक दिवाणावर चढलं आणि मधोमध झोपलं. त्या दिवसापासून नाव दिवाणजी.

आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अरे मांजरच ना? पोळी-दूध घाल. बाकी ते त्याचं त्याचं बघतं."

आईचं काही चुकत नव्हतं. आमच्या आजोळी, वाईजवळच्या गावात, मांजरं अशीच होती. ती कोणी 'पाळलेली' नव्हती, नुसती असायची. माळ्यावर धान्याची पोती, पोत्यांमागे उंदीर, परसात भुसभुशीत माती, थंडीत चुलीची ऊब, उन्हाला कौलं, नखं घासायला आंब्याचं खोड. आजी घालायची ते वाटीभर दूध म्हणजे निव्वळ शेजारधर्म. मांजराचा खरा संसार घराबाहेर होता.

आणि मी काय केलं? तो सगळा संसार दाराबाहेर ठेवला, चौथ्या मजल्यावरचं दार लावून घेतलं, आणि वाक्य मात्र आजीच्या घरचंच वापरत राहिलो. मांजर त्याचं त्याचं बघतं म्हणे! कुठे बघणार? वन बीएचकेत?

हे कळायला मला २०२३च्या मार्चमधला एक शुक्रवार लागला.

रिलीजची रात्र होती. बायको माहेरी गेलेली. मी हॉलमध्ये, कानात हेडफोन, कॉलवर सतरा माणसं. दिवाणजी बाथरूममधल्या ट्रेकडे गेले. परत आले. पुन्हा गेले. माती उकरल्याचा आवाज. पुन्हा तेच. एकदा म्यांव केलं, जरा वेगळं, घशातून आल्यासारखं. मला वाटलं लक्ष वेधायची नाटकं. "गप रे" म्हटलं आणि कॉलवर परत गेलो. पहाटे साडेतीनला रिलीज झाला, स्क्रीनवर सगळं हिरवंगार, सगळ्यांनी एकमेकांची पाठ थोपटली, मी झोपलो.

सकाळी दहाला उठलो तर साहेब दिवाणावर नाहीत. बाथरूमच्या कोपऱ्यात थंड फरशीवर पडलेले. उचलायला गेलो तर पोट दगडासारखं, आणि हात लागताच असा ओरडला की तो आवाज अजून कानात आहे. टॉवेलात गुंडाळून रिक्षाने दवाखाना गाठला. डॉक्टरांनी पोट चाचपलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "याने शेवटची शू कधी केली?"

मंडळी, मी पोटापाण्यासाठी मॉनिटरिंगचं काम करतो. कुठल्या सर्व्हरची डिस्क किती भरलीय, कुठली रिक्वेस्ट किती मिलिसेकंद रखडली, रात्री किती वाजून किती मिनिटांनी काय पडलं, सगळं मला विचारा. आणि माझ्यापासून दहा फुटांवर राहणाऱ्या साडेचार किलोच्या जिवाने शेवटची शू कधी केली, ते मला माहीत नव्हतं.

"काल... बहुतेक," मी म्हणालो.

"बहुतेक?" डॉक्टर एवढंच म्हणाले.

मूत्रमार्ग बंद झाला होता. बोक्यांचा हा मार्ग फार अरुंद असतो. खडे, चिकट गाळ, सूज, ताण, कशानेही तो बुजू शकतो. मग लघवी आत तुंबते, रक्तात पोटॅशियम चढतं आणि हृदय थांबू शकतं. हा एक-दोन दिवसांचा खेळ असतो. भूल देऊन नळी घातली, सलाईन लावलं, तीन रात्री दवाखान्यात. वाचला. पण त्यात माझं कर्तृत्व शून्य. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत झोपलो असतो तर हा लेख लिहिलाच नसता.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. मांजर घरात ठेवायचं हा निर्णय आपला असतो, मांजराचा नाही. म्हणून बाहेरचं जग त्याला जे जे फुकट देत होतं, ते ते घरात आणून द्यायची जबाबदारीही आपलीच. ती यादी फार मोठी नाही, पण 'काही लागत नाही' एवढी छोटी तर मुळीच नाही.

पहिलं पाणी. आपल्या मनीमाऊचे पूर्वज म्हणजे पश्चिम आशियातल्या कोरड्या मुलखातली रानमांजरं. त्यांना तहान मुळातच कमी, कारण पाणी शिकारीतून मिळायचं. उंदरात साधारण ७० टक्के पाणी असतं, आणि आपण पिशवीतून ओततो त्या कोरड्या दाण्यांत साधारण १० टक्के. उरलेलं पाणी मांजर आपणहून पिऊन भरून काढेल असं धरून चालू नका. दिवसातून एकदा तरी ओलं खाणं द्या. पाण्याचे पसरट वाडगे दोन-तीन ठिकाणी ठेवा, खाण्यापासून आणि ट्रेपासून लांब.

आणि ते पोळी-दूध? बहुतेक मोठ्या मांजरांना दूध नीट पचत नाही. पोळीवर तर मांजर जगूच शकत नाही. त्याला मांसातून मिळणारं टॉरिन लागतं, ते कमी पडलं की डोळ्यांचा पडदा आणि हृदय दोन्ही खराब होतात. हृदयाचा हा संबंध १९८७ साली अमेरिकेत लक्षात आला, तोही तयार खाण्यावर वाढलेली मांजरं आजारी पडायला लागली म्हणून. तुमचं घर कट्टर शाकाहारी असेल तर आधी घरच्यांशी हा विषय मिटवा, मग मांजर आणा.

दुसरं, ट्रे. जितकी मांजरं त्याहून एक ट्रे जास्त, हा साधा नियम. एका बोक्याला दोन. वॉशिंग मशीनच्या शेजारी नको, ती स्पिनला लागली की बोका जो पळतो तो परत त्या ट्रेकडे बघत नाही. गुठळ्या होणारी माती म्हणजे बेंटोनाइट, आपल्या कच्छातच तिच्या खाणी आहेत. ती कमोडमध्ये टाकू नका. ती पाण्यात फुगते आणि मग खालच्या मजल्यावरच्या काकूंशी तुमचे संबंध बिघडतात. रोज साफ करा आणि साफ करताना गुठळ्या मोजा. हसू नका, तोच तुमचा लॉग. बोका सारखा ट्रेकडे जातोय, कुंथतोय आणि गुठळी एकही नाही, तर सकाळ होण्याची वाट पाहू नका. रात्री दोन वाजले असतील तरी उघडा दवाखाना शोधा.

तिसरं, खिडकी. 'मांजर चार पायांवर पडतं, त्याला काही होत नाही' असं आमच्या मजल्यावरचे एक काका छातीठोक सांगतात. याला एका आकड्याचा आधारही दिला जातो. न्यूयॉर्कमध्ये उंचावरून पडलेल्या १३२ मांजरांचा अभ्यास १९८७ साली छापून आला, त्यातली ९० टक्के जगली. वा! पण ही दवाखान्यात आणलेली मांजरं होती. जी जागच्या जागी गेली त्यांना दवाखान्यात कोण आणणार? डेटा बघताना कोणता डेटा आलेलाच नाही हे आधी बघावं, एवढं तरी आपल्या धंद्याने आपल्याला शिकवलंय. डासांच्या जाळीला मांजराचं वजन पेलत नाही, आणि स्लायडिंग खिडकी 'थोडीशीच उघडी' ठेवली तरी पंजाने सरकते. बाल्कनीला कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी लावून घ्या, आणि ती कुठे कुरतडलेली नाही ना हे महिन्यातून एकदा बघा.

चौथं, शिकार. पहाटे पाचला तोंडावर पंजा मारणारं मांजर दुष्ट नसतं. उजाडताना आणि अंधारताना ते सगळ्यात जागं असतं, कारण शिकारीची वेळ तीच. त्याला तुम्ही रिकामं ठेवलंत तर ते तुमच्या पायाच्या अंगठ्याची शिकार करणार. झोपण्याआधी दहा-पंधरा मिनिटं दोरी बांधलेल्या काठीने खेळवा, शेवटी 'शिकार' हाती लागू द्या, मग खायला घाला. शिकार, जेवण, अंग चाटणं, झोप, हा त्याचा क्रम आहे. आमच्याकडे पाचचा गजर साडेसहावर आला, त्याला हेच कारण. सोफा वाचवायचा असेल तर जाड लाकडाला सुतळी घट्ट गुंडाळा आणि तो खांब सोफ्याच्याच शेजारी ठेवा. तो मांजर पूर्ण ताणून उभं राहील एवढा उंच आणि न डगमगणारा हवा. आणि कपाटावरची एक जागा रिकामी करा. मांजराला चौरस फुटांपेक्षा उंचीचं अप्रूप जास्त. बिल्डर लोकांनी अजून त्याचे पैसे लावले नाहीत ते नशीब.

पाचवं, विष. आपलं साधं घर मांजरासाठी किती घातक आहे हे मला कळलं तेव्हा घाम फुटला. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा जीव घेऊ शकते, त्याच्या यकृताला ती निकामी करता येत नाही. 'थोडा ताप वाटतोय, पाव गोळी देऊ' असली डॉक्टरकी नको. वाढदिवसाच्या बुकेतली लिली, अगदी तिचे अंगावर सांडलेले परागकण चाटले तरी मूत्रपिंडं जातात. फिनेलने पुसलेल्या ओल्या फरशीवरून चालून तो तेच पंजे चाटतो. डांबराच्या गोळ्या, कांदा-लसूण, कुत्र्याचं गोचिडांचं औषध, शिवणाचा दोरा, सगळं बंद कपाटात. आणि 'घरातच तर असतो' म्हणून लस टाळू नका, काही विषाणू तुमच्या बुटांवर बसूनच येतात. नसबंदीही वेळेत करून घ्या. भिंतींवर सह्या करत फिरणारा बोका एकदा घरात असला की हे वेगळं सांगावं लागत नाही.

आता तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप करायचा तर कोंडायचंच कशाला? सोडून द्या मोकळं. हा प्रश्न मीही स्वतःला विचारलाय, दवाखान्यातल्या त्या तीन रात्री तर फार. पण आमच्या दाराबाहेर आजोळचं परस नाही. तिथे पार्किंग आहे, वळणावर न थांबणाऱ्या गाड्या आहेत, भटक्या कुत्र्यांची टोळी आहे, उंदरांसाठी टाकलेलं विष आहे. आणि सोसायटीच्या झाडांवर बुलबुल आहेत, त्यांचंही काही म्हणणं असेलच. म्हणून माझं उत्तर अजूनही 'घरात' असंच आहे. फक्त ते आता फुकटचं उत्तर राहिलेलं नाही.

खरा हिशोब वर्षांचा आहे. नीट सांभाळलेलं घरातलं मांजर पंधरा वर्षं सहज जगतं. आपण लोक तीन वर्षांत कंपनी बदलतो, पाच वर्षांत शहर. सोसायटीच्या ग्रुपवर दर दोन-चार महिन्यांनी एक फोटो येतो, 'ऑनसाइट जातोय, प्रेमळ मांजर चांगल्या घरी देणे आहे'. ज्याला घराबाहेरचं काहीच माहीत नाही अशा आठ वर्षांच्या मांजराला 'चांगलं घर' कोण देतं? ऑनसाइटची इच्छा असणं चूक नाही. पण मग ती ठेवून मांजर आणताना 'पुढचं पुढे बघू' म्हणू नका. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात. डोळे मिटलेले मांजराचे नव्हते, माझे होते.

असो. फार उपदेश झाला. आमच्या फ्रिजच्या दारावर आता एक कागद असतो. सकाळचा आकडा, संध्याकाळचा आकडा. पाहुणे विचारतात हे काय, तर बायको सांगते, "दूधवाल्याचा हिशोब आहे." मी खरं सांगितलं की पाहुणे चहा लवकर संपवतात.

त्या कँटीनमधल्या मुलाचा काल रात्री मेसेज आला. मला वाटलं बेत रद्द केला असेल. लिहिलं होतं, "जाळी लावणाऱ्या माणसाचा नंबर दे ना."

दिला. आजचा सकाळचा आकडा, दोन. सगळं हिरवं आहे.