कुणाकडनं आलास?

दोन वर्षांपूर्वी शिष्यवृत्तीसाठी मला उत्पन्नाचा दाखला हवा होता. तिसरी फेरी होती. खिडकीतल्या माणसानं कागद न बघताच विचारलं, "यार कडिंद बंदीरी?" मला वाटलं, माझं कन्नड कच्चं, मी काहीतरी चुकीचं ऐकलं. शेजारच्या टेबलावरचे मराठी बोलणारे काका मदतीला आले. "कुणाकडनं आलास, म्हणून विचारालेत." मी म्हटलं, "घराकडनं." दोघंही हसले.

संध्याकाळी मामानं एका 'साहेबां'ना फोन लावला. दुसऱ्या दिवशी दहा मिनिटांत दाखला हातात. महिनाभरानं साहेबांचा वाढदिवस आला आणि चौकातल्या फ्लेक्सवर, अगदी खालच्या रांगेत, 'शुभेच्छुक' म्हणून माझा अंगठ्याएवढा फोटो! मला कुणी विचारलं नव्हतं. आई खूश झाली, तिनं फ्लेक्सचा फोटो काढून मावशीला पाठवला. मी मात्र पुढचे पंधरा दिवस त्या चौकातनं जायचं टाळलं.

तेव्हापासून मला एक नाद लागलाय. मोठ्या माणसांसाठी आपण कुठले कुठले शब्द वापरतो ते टिपून ठेवायचं. बडी असामी, बडं प्रस्थ, मातब्बर, वजनदार, पुढारी, धुरीण, दिग्गज, कारभारी, मानकरी. राग आला की बडं धेंड. टिंगल करायची तर टिकोजीराव, तिस्मारखान, लाटसाहेब. हा 'लाट' म्हणजे इंग्रजांचा लॉर्ड. लॉर्ड गेले, लाटसाहेब राहिले.

गंमत अशी की यातले बरेच शब्द मुळात दरारा सांगणारे नव्हतेच. 'मातब्बर' अरबीतल्या मुअतबरवरनं आला, म्हणजे विश्वास ठेवण्याजोगा. 'धुरीण' म्हणजे जू खांद्यावर घेणारा, गाड्याचा भार ओढणारा. 'पुढारी' म्हणजे पुढं चालणारा, काठी पडली तर पहिली त्याच्या पाठीवर पडणार. आणि 'असामी' तर अरबीत नुसती 'नावं'. जुन्या दफ्तरांत असामी म्हणजे यादीवरचा एक माणूस, एखादं कूळ, नाहीतर नोकरीची एक जागा. मोठेपणा येतो तो पुढच्या 'बडी'मुळं. एका साध्या कारकुनाच्या आयुष्याला पु. लं.नी 'असा मी असामी' हे नाव दिलं, त्यातली खोच मला हे कळल्यावर जास्त कळली. (पु. ल. काही काळ आपल्या बेळगावच्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवायला होते, हे आमच्या वर्गात निम्म्यांना माहीत नव्हतं.)

आता हेच शब्द आपण कसे वापरतो बघा. मातब्बर म्हणजे ज्याच्याकडं पैसा आहे तो. पुढारी म्हणजे गाडीत पुढच्या सीटवर बसणारा. सगळ्यात खरा शब्द 'वजन'. अमक्याचं वजन आहे, म्हणजे त्याचा शब्द चालतो. आणि फाईलवर वजन ठेवल्याशिवाय ती हलत नाही, म्हणजे काय ते सांगायला नकोच. ओळख आणि लाच या दोन्हींना भाषेनं एकच शब्द ठेवलाय, यात भाषेची काही चूक नाही.

आपल्या भागात तर दोन भाषांचा माल एकत्र आहे. आम्ही गावात 'सावकार' म्हणतो ते फक्त व्याजानं पैसे देणाऱ्याला नाही, चार एकर जास्त असलेल्या कुणालाही. कन्नड बोलणारा शेजारी साहुकार म्हणतो, गौडरु म्हणतो, धणी म्हणतो, दोड्डवरु म्हणतो. त्याचा 'धणी' आणि आपला 'धनी' बांधालगतच राहतात. पाटलांची, कुलकर्ण्यांची वतनं कर्नाटकात 1961 च्या कायद्यानं गेली, पण दारात उभं राहून चपला काढायची सवय गेली नाही. संविधानाच्या अनुच्छेद 18 नं किताब रद्द केले, 1 मे 2017 पासून गाड्यांवरचे लाल दिवे उतरले. परीक्षेत हे लिहून मी मार्क मिळवलेत. बाहेर आलो की समोर फ्लेक्स. 'युवकांचे आशास्थान', 'किंगमेकर', 'भावी आमदार'.

सीमाभागातल्या आपल्या मराठी कट्ट्यांवर हे बोलायचं टाळतात, म्हणून इथं लिहितोय. आपण म्हणतो, कागद मराठीत मिळत नाहीत. खरंच मिळत नाहीत. माझ्या आजोबांना त्यांच्याच शेताचा उतारा वाचता येत नाही, तो कन्नडमध्ये येतो. ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक पंधरा टक्के किंवा जास्त आहेत, तिथं महत्त्वाच्या सरकारी सूचना-नियम त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध व्हावेत, असं राज्य पुनर्रचनेच्या वेळी, 1956 पासूनच, ठरलेलं आहे. अनुच्छेद 350 ब खाली त्यासाठी भाषिक अल्पसंख्याकांचा आयुक्त नेमलेला असतो. ही झाली हक्काची वाट. आणि आपण काय करतो? "साहेबांच्या कानावर घाला" म्हणतो. मुंबईहून कुणी बडा नेता येणार म्हटलं की हार, फेटे, सेल्फी. तो गेला की पुढच्या नेत्याची वाट. कन्नड साहेबाकडं गेलं तर आपण लाचार, आणि मराठी साहेबाकडं गेलं तर स्वाभिमानी? मला दाखला देणारे साहेब मराठीच होते. फ्लेक्सवरचा माझा फोटो त्यामुळं मोठा झाला नाही.

2013 ला महाराष्ट्र एकीकरण समितीचे दोन आमदार निवडून आले. 2018 ला समितीत फूट पडली, गट एकमेकांविरुद्ध उभे राहिले, एकही जागा आली नाही. 2023 लाही नाही. याची कारणं बरीच आहेत, राष्ट्रीय पक्षांचा पैसा आहे, मतदारसंघांची रचना आहे, ते सगळं मान्य. पण प्रत्येक गल्लीत एक 'नेतृत्व' तयार झालं आणि त्या नेतृत्वाला दुसऱ्याच्या मागं चालणं जमेना, हेही आपण डोळ्यांनी बघितलंय. 17 जानेवारीला आपण ज्या हुतात्म्यांना अभिवादन करतो, 1958 च्या सत्याग्रहात जे तुरुंगात गेले, त्यातल्या बहुतेकांना हयातीत कुणी साहेब म्हटलं नव्हतं. आमच्या गल्लीतल्या एका आज्जी त्या वेळी लहान होत्या. त्या काळातल्या माणसांबद्दल सांगताना त्या एकच शब्द वापरतात, 'आपली माणसं'.

जुने कार्यकर्ते यावर म्हणतील, पोरा, ओळखीशिवाय इथं पान हलत नाही, तू अजून लहान आहेस. त्यांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. ज्याच्या घरात कुणी आजारी आहे, ज्याला उद्याच कागद हवाय, त्यानं फोन लावला तर मी त्याला नावं ठेवणार नाही. मीही लावलाच होता. पण एका फोनानं एकाचं काम होतं आणि त्याच्या मागं रांगेत उभ्या असलेल्या चाळीस जणांना कळतं, की रांग खोटी आहे.

यंदा धाकट्या बहिणीला तोच दाखला हवा होता. मामानं मोबाईल काढला. ती म्हणाली, "थांब की." कर्नाटकात सेवा ठरल्या मुदतीत देण्याचा 'सकाल' कायदा 2011 चा आहे, अर्ज दिला की नंबर मिळतो, तो टाकून अर्ज कुठं अडलाय ते बघता येतं. तिनं खिडकीवर अर्ज दिला. तोच प्रश्न आला, कुणाकडनं आलीस. ती म्हणाली, "अर्जावर नाव आहे की माझं." आणि पोच मागितली. आपल्याकडं 'वर पोचलेला माणूस' म्हणतात ना, तो पोचलेला वेगळा. ही पोच म्हणजे कागदाचा चिटोरा, नंबर छापलेला.

दाखला यायला माझ्यापेक्षा तिला बरेच दिवस जास्त लागले. पण आला. चौकात नवा फ्लेक्स लागलाय, त्यावर तिचा फोटो नाही.