कमरेला बांधलेली तिजोरी

दसऱ्याच्या तोंडावर एका संध्याकाळी हिंगोलीतल्या माझ्या घरी एक तरुण व्यापारी आला. घरची हळदीची आडत. त्याचे वडील आमच्या शाखेचे जुने खातेदार. मी निवृत्त होऊन काही वर्षे झाली. पण गावात एकदा ‘बँकेचा साहेब’ झालेला माणूस शेवटपर्यंत लोकांचे फॉर्म भरून देत असतो. त्या दिवशी पिशवीतून निघालेला फॉर्म मात्र कर्जाचा नव्हता. पिस्तुलाच्या परवान्याचा होता.

कारण खोटे नव्हते. वसमतकडून येताना रात्री त्याच्या मुनिमाच्या डोळ्यांत तिखट टाकून रोकड पळवली होती. मुनीम वाचला, पण अंधार पडला की अजून दचकतो. मी फॉर्म चाळत असताना पोरगा म्हणाला, “काका, चालवायचंय कुणाला? नुसतं कमरेला दिसलं तरी बस्स झालं.”

पिस्तुलाबद्दलची आपल्याकडची सगळी समजूत ह्या एका वाक्यात आहे. आणि ती कायद्याच्या नेमकी उलट आहे.

२०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानाधारकाने पिस्तूल सार्वजनिक ठिकाणी नेताना ते म्यानात, पूर्ण झाकलेले आणि स्वतःच्या ताब्यात ठेवावे लागते. ते कोणापुढे परजता येत नाही. २०१९ मध्ये १९५९ च्या शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली. तेव्हापासून लग्नावरातीत हौसेने बार काढून लोकांचा जीव धोक्यात घातला, तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. थोडक्यात, सरकार जे झाकायला सांगते, ते दाखवण्यासाठीच आपल्याला हवे असते. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली आणि बीड जिल्ह्यातल्या शस्त्रांकडे सगळ्यांचे लक्ष गेले. मिरवायच्या पिस्तुलांची छायाचित्रे चव्हाट्यावर आली. एका जिल्ह्यात हजाराहून अधिक परवाने निघाले, आणि फेरतपासणीत शंभरावर रद्द करावे लागले. इतक्या माणसांच्या जिवाला खरोखरच धोका होता, असे कोण म्हणेल?

स्वसंरक्षणाचा हक्क कायद्याने दिलेला आहे, ह्यात शंका नाही. पूर्वी तो भारतीय दंड संहितेत होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत आहे. जीव घेण्याच्या हेतूने कोणी अंगावर आला, स्त्रीवर अत्याचार करू लागला, रात्री घर फोडू लागला, तर प्रसंगी त्याचा जीव गेला तरी कायदा तुमच्या बाजूने उभा राहतो. पण दोन अटी आहेत. बचावाला लागेल त्याहून अधिक इजा करायची नाही, आणि पोलिसांकडे जायला सवड असेल तर हा हक्क उरत नाही. चोर पाठ फिरवून पळाला की धोका संपला. त्यानंतर झाडलेली गोळी बचावाची नसते, रागाची असते. हा हिशेब एका श्वासात करावा लागतो, आणि तोही अंधारात, हात कापत असताना.

बँकेत आम्ही हा हिशेब एका माणसावर कधीच सोपवला नाही. तिजोरीला दोन किल्ल्या; एक रोखपालाकडे, दुसरी अधिकाऱ्याकडे. दोघे हजर असल्याशिवाय ती उघडत नसे. आमचा रोखपाल देवमाणूस होता, तरी किल्ल्या दोनच. अविश्वास माणसावर नव्हता, एकटेपणावर होता. एकट्या माणसाचा एखादा दिवस वाईट जातो, आणि तो वाईट दिवस तिजोरीपर्यंत पोहोचू नये, एवढीच ती व्यवस्था. कमरेचे पिस्तूल म्हणजे एकाच किल्लीची तिजोरी, आणि ती किल्ली आपल्या स्वभावाच्या हातात.

हे मी पुस्तकातून शिकलेलो नाही. ग्रामीण शाखेत वसुलीच्या काळात मला धमक्या आल्या, तेव्हा मीही परवाना काढून रिव्हॉल्व्हर घेतले होते. जेमतेम दोन वर्षे बाळगले. कधी बाहेर काढले नाही, कोणाला कळूही दिले नाही. तरी एक दिवस बायको म्हणाली, “तुमचा आवाज बदललाय.” मी हसण्यावारी नेले. पुढे आठवडी बाजाराच्या दिवशी एका जीपवाल्याशी वाट देण्यावरून बाचाबाची झाली. एरवी मी ‘जाऊ दे बाबा’ म्हणून बाजूला झालो असतो. त्या दिवशी मात्र तसाच उभा राहिलो, बोलत राहिलो, एक पाऊल पुढेही सरकलो. तो निघून गेला म्हणून निभावले. घरी आल्यावर लक्षात आले, की त्या भांडणात मी उभा नव्हतो, कमरेचे वजन उभे होते. महिन्याभरात शस्त्र आणि परवाना, दोन्ही परत केले.

ज्याला बाळगायचेच आहे, त्याने म्हणूनच उलटे वागायला हवे. शस्त्र जवळ असलेल्या माणसाने भांडणात सगळ्यांत आधी हात जोडावेत, शिवी गिळावी, वाट सोडावी. दारू आणि पिस्तूल एका अंगावर कधीच नसावे. हे जमणार नसेल तर परवाना मागू नये.

राग कुठवर जातो, ते आमच्या हिंगोलीने पाहिले आहे. २५ डिसेंबर २०२४ च्या रात्री शहरात एका पोलीस कर्मचाऱ्याने शासकीय पिस्तुलातून घरच्याच माणसांवर गोळ्या झाडल्याची घटना घडली. त्यात त्याची पत्नी गेली. ज्याला शस्त्राचे रीतसर शिक्षण मिळाले होते, त्याच्या घरात हे झाले. नेम शिकवता येतो, संयम वर्गात शिकवता येत नाही.

राग नसला तरी कपाट असतेच. १ ऑक्टोबर २०२४ ला पहाटे मुंबईत अभिनेते गोविंदा प्रवासाला निघण्याच्या गडबडीत होते. त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधून गोळी सुटून त्यांच्या पायात शिरली. पायावर निभावले. आपल्या घरात त्या वेळी जमिनीवर नातू रांगत असता तर? आणि त्याच वर्षी ८ फेब्रुवारीला दहिसरला माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची गोळ्या झाडून हत्या झाली. त्यात वापरलेले पिस्तूल हल्लेखोराच्या अंगरक्षकाच्या परवान्यावरचे असल्याचे तपासात निघाले. परवाना एकाचा, बोट दुसऱ्याचे. शस्त्र आणि गोळ्या वेगवेगळ्या कुलपात ठेवाव्यात, किल्ली स्वतःकडे असावी, आणि घरात लहान मूल असेल तर ‘उंचावर ठेवलंय’ ह्या समाधानावर राहू नये. मुलांना घरातली प्रत्येक उंच जागा ठाऊक असते.

कोणी म्हणेल, साहेब, हे शहरातल्या लोकांना सांगा. शेतात वस्ती करून राहणाऱ्याने पोलीस येईपर्यंत काय करायचे? प्रश्न खरा आहे, आणि ‘शस्त्र नकोच’ हे त्याचे उत्तर नाही. २०१४ साली कानपूरच्या सरकारी कारखान्यात स्त्रियांना डोळ्यांपुढे ठेवून ‘निर्भीक’ नावाचे हलके रिव्हॉल्व्हर निघाले. त्याची किंमत लाखाच्या वर होती. रात्रपाळीहून एकटी घरी येणारी परिचारिका ते कुठून घेणार? गरज एकीकडे आणि ऐपत दुसरीकडे, अशी आपल्याकडे शस्त्रांची वाटणी आहे.

मी त्या पोराला विचारले, “बाबा, दिवसाची रक्कम बँकेतून का वळवत नाहीस? रोकडच नसेल तर तिखट कोण टाकेल?” तो म्हणाला, सगळीच नाही, पण निम्मी वळवता येईल. मग निम्मी भीती तिथेच संपली. उरलेल्या भीतीसाठी अर्ज भरून दिला. जिल्हाधिकाऱ्यांकडे जाणारा अर्ज, पोलिसांची चौकशी, प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र, सगळे समजावले. निवडणूक लागली की आदेशाप्रमाणे शस्त्र ठाण्यात जमा करावे लागते, हेही सांगितले.

एक गोष्ट मात्र खटकली. आमच्या बँकेत पन्नास हजारांचे कर्ज द्यायचे तरी आम्ही जामीनदार मागत असू. ह्या अर्जात घरच्यांच्या सहीला जागा नाही. नवऱ्याचा हात कधी सुटतो, पोराला राग कधी अनावर होतो, हे ज्यांना सगळ्यांत आधी कळते, त्यांना कोणी विचारलेलेच नसते. मी त्याला म्हटले, “सरकार मागत नाही, मी मागतो. हा कागद बायकोपुढे आणि आईपुढे ठेव. त्या दोघी ‘हो’ म्हणाल्या तरच नेऊन दे.”

तो कागद घेऊन घरी गेला. दसऱ्याला सोने द्यायला आला तेव्हा मी काही विचारले नाही. त्यानेच सांगितले, “काका, आई हो म्हणाली. बायको अजून विचार करतीये.”

मी म्हटले, करू दे. दुसरी किल्ली तिच्याकडे आहे.