ॲमेझॉनांचा पराभव कोणाला हवा होता?

ग्रीक पुराणकथांतील ॲमेझॉन या लढवय्या स्त्रियांच्या गाजलेल्या कथांचा शेवट ठरलेला आहे. हिराक्लीस राणी हिप्पोलिताचा कमरपट्टा मिळवून आणतो, थीसियस अँटिओपीला पळवून नेतो आणि ट्रॉयच्या रणांगणावर अकिलीस पेंथेसिलियाचा वध करतो. होमरने ज्यांना पुरुषांच्या तोडीच्या म्हटले, त्या स्त्रिया अखेर पुरुषांकडून हरल्याच पाहिजेत, असा जणू दंडकच होता.

हा दंडक कोणाच्या सोयीचा होता? इ. स. पूर्व ४४७ मध्ये अथेन्समध्ये पार्थेनॉन मंदिराचे बांधकाम सुरू झाले. त्याच्या पश्चिम बाजूच्या शिल्पपट्टांवर ॲमेझॉनांशी झालेले युद्ध कोरलेले आहे. लोकशाहीची जन्मभूमी म्हणून गौरविल्या जाणाऱ्या या नगरीत स्त्रीला सभेत मत नव्हते. न्यायालयात तिच्या वतीने पुरुष पालकच बोले. झेनोफोनने गृहव्यवस्थेवर लिहिलेल्या ग्रंथात तर ईश्वरानेच स्त्रीची प्रकृती घरातील कामासाठी व पुरुषाची बाहेरील कामासाठी घडविली, असे प्रतिपादन आहे. गृहव्यवस्थेच्या याच ग्रीक शब्दापासून पुढे ‘इकॉनॉमिक्स’ हा शब्द आला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

वस्तुतः काळ्या समुद्रापलीकडील गवताळ प्रदेशात निराळी व्यवस्था नांदत होती. तेथील सॉरोमेशियन स्त्रिया घोड्यावरून शिकार करीत व युद्धात उतरत, असे हिरोडोटसने नोंदविले आहे. २०१९ साली रशियातील देवित्सा गावाजवळ इ. स. पूर्व चौथ्या शतकातील एका थडग्यात चार स्त्रियांचे अवशेष सापडले. सोबत बाणांची लोखंडी टोके व भालेही होते. त्यांतील एक तर जेमतेम बारा-तेरा वर्षांची होती. पुरुषांना वर्ज्य असलेल्या स्त्रीराज्याचा पुरावा मात्र कोठेही मिळालेला नाही. या स्त्रिया आपल्या टोळीतील पुरुषांच्या बरोबरीने लढत होत्या. भटक्या पशुपालकांच्या जीवनात कळपांचे रक्षण हे सर्वांचेच काम होते आणि घोडा व धनुष्य यांमुळे निव्वळ बाहुबळाचे महत्त्व कमी झाले होते.

हे सहजीवन अथेन्सच्या कल्पनेत बसेना. म्हणून बरोबरीने लढणारी स्त्री तेथे पुरुषांची वैरीण ठरली आणि तिचा पराभव मंदिरावर कोरला गेला. स्त्रीचे स्थान निसर्गाने नव्हे, तर श्रमाच्या व सत्तेच्या वाटणीने ठरते, याची साक्ष ही थडगी देतात. समतेच्या कार्यकर्त्यांनी पराक्रमी स्त्रीला अपवाद म्हणून केवळ वंदन करून थांबू नये. ही वाटणी बदलण्याचे काम हाती घ्यावे.